आधी सुईत दोरा ओवून दे

सासूबाईंच्या डाव्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं होतं. मधोमध रेघ, जणू दोन अरुंद नखं शेजारी शेजारी वाढली आहेत. 19 वर्षं मी ते नख पाहिलं, पण ते कशानं चिरलं हे एकदाही विचारलं नाही. मे 2024 मध्ये त्या गेल्या. दहाव्याला त्यांची धाकटी बहीण आली होती, ती बोलता बोलता म्हणाली, "बहात्तरला खडी फोडताना हातोडा बसला हुता तिला. आठ दिस ताप. तरी कामाव जायची, न्हायतर हाजरी बुडायची."

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका गावात राहते आणि गावच्या वाचनालयाचं काम बघते. बहात्तरच्या दुष्काळात पोटासाठी लोक सरकारी कामांवर खडी फोडायचे. कपाटात त्या दुष्काळावरची पुस्तकं आहेत, मी ती लोकांना वाचायला देते. आणि ज्या बाईच्या हातचं रोज जेवले तिच्या अंगठ्याची गोष्ट मला माहीत नव्हती. हे फार लागलं. गावात त्या पिढीची माणसं अजून आहेत, आणि सातवीतली पोरंही आहेत. दोघांना एका जागी बसवायचं, एवढंच डोक्यात होतं. पुढचे आठ महिने त्यात गेले. कुणाला आपल्या गावात असं काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून झालं तसं लिहिते.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडला. कुणी विरोध केला नाही. पण ग्रामसभेत माना डोलणं वेगळं आणि कागद हातात पडणं वेगळं. समाजमंदिराची खोली सहा रविवार हवी असेल तर ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव लागतो. शाळेतली मुलं हवी असतील तर मुख्याध्यापकांची परवानगी, आणि ते म्हणाले, "मॅडम, रविवार असला तरी शाळेच्या नावानं मुलं बोलवायची तर मला वरून पत्र पाहिजे." त्यांचं बरोबरच होतं. अर्ज केला. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही, पण तीन आठवड्यांनी चौकशी केली तर अर्ज सापडेना. माझ्याकडे पोच नव्हती, कारण मी टेबलावर कागद ठेवून "बरं, येते" म्हणून निघाले होते. दुसरा अर्ज दोन प्रतींत नेला, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, मगच जिना उतरले. एवढं एक सगळ्यांनी लक्षात ठेवा. शिक्का मारलेली प्रत हातात असली की पुढच्या खेपेला आपण विनवणी करत नाही, नुसता क्रमांक सांगतो.

पत्र मिळेपर्यंत ऑक्टोबर उजाडला, आणि 15 तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. शाळेत मतदान केंद्र, गुरुजी निवडणुकीच्या कामाला. मध्ये दिवाळी. 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल. मग 1 डिसेंबरचा रविवार धरला, तर आक्का म्हणाल्या, "अगं देवदिवाळीला म्हसवडात सिद्धनाथाचा रथ असतुया, गावात कोण बसणार हाय?" रथ सोमवारी, 2 तारखेला होता, आदल्या दिवसापासूनच घरोघर पाहुणे. कॅलेंडर मी पाहिलं होतं, पण गावाचं कॅलेंडर आक्कांच्या डोक्यात असतं. शेवटी 8 डिसेंबर ठरला.

या आक्का म्हणजे आमच्या आळीतल्या. वय 65. पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बोलायला सांगितलंस तर कोण येणार न्हाय. काय तरी काम सांग." मला तेव्हा ते नीटसं कळलं नाही.

पहिल्या रविवारी 22 मुलं आणि 14 म्हातारी माणसं आली. मी मुलांकडून प्रश्न लिहून घेतले होते, बारा प्रश्न, सुवाच्य अक्षरात. एकेका मुलानं एकेका आजी-आजोबांसमोर बसायचं, विचारायचं आणि लिहून घ्यायचं. अर्ध्या तासात सगळं संपलं. "तुमच्या लहानपणी गाव कसे होते?" "चांगलं हुतं." "तुम्ही दुष्काळात काय केले?" "काय करणार, काम केलं." पोरं मान खाली घालून लिहीत होती आणि समोरची माणसं खानेसुमारीच्या माणसाला द्यावीत तशी उत्तरं देत होती. एका आजींनी तर विचारलंच, "ह्यात पगार चालू हुतो का गं?" निराधार योजनेचं काही असेल असं त्यांना वाटलं होतं. चूक त्यांची नव्हती. हातात कागद-पेन घेऊन आजवर जो जो त्यांच्यापुढे बसला, तो काहीतरी तपासायलाच बसला होता.

त्या रात्री झोप आली नाही. पाच रविवार बाकी होते. पत्र, ठराव, आई-बापांची संमतीपत्रं, सगळं करून हाती हे आलं होतं. सकाळी आक्कांकडे गेले तर त्या उन्हात बसून जुनं लुगडं उसवत होत्या. म्हणाल्या, "वाकळ घाल मधी."

वाकळ म्हणजे गोधडी, आमच्या भागातलं नाव. सासूबाईंची दोन लुगडी मी ट्रंकेत जपून ठेवली होती, ती काढताना जिवावर आलं, पण काढली. बाकी ज्यानं त्यानं घरून एकेक जुनं कापड आणायचं ठरलं. अस्तराला मांजरपाट सहा मीटर, 420 रुपये. मोठ्या नेढ्याच्या सुया आणि जाड दोऱ्याची रिळं, 640.

15 डिसेंबरला समाजमंदिरात सतरंजीवर अस्तर पसरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, वर लुगड्यांचे थर, वर पोरांनी आणलेले तुकडे. धोतर, फ्रॉक, शाळेचा जुना गणवेश, एकाच्या बापाच्या शर्टाची पाठ. बायका चारी बाजूंनी बसल्या. आणि पहिल्याच मिनिटाला काम अडलं, कारण एकीलाही सुईत दोरा ओवता येईना. कुणाचा मोतीबिंदू, कुणाचे हात थरथरतात. एका आजींनी शेजारच्या पोरीपुढे सुई धरली, "माझे आये, एवढा दोरा ओवून दे." पोरीनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पीळ दिला, एका डोळ्याने नेम धरून ओवलं. आजी म्हणाल्या, "मी तुज्यायेवढी असताना माज्या आज्जीला अशीच ओवून द्यायची. आमच्या आज्जीला रातीचं दिसायचंच न्हाय." पोरीनं विचारलं, "का?" आणि आजी सांगायला लागल्या.

तो प्रश्न माझ्या बारा प्रश्नांत नव्हता. वाकळीचा दोरा हातभर असतो, चार-पाच ओळी झाल्या की संपतो. दर थोड्या वेळाने आजीला नातवाच्या वयाच्या पोराकडे वळावं लागे, आणि त्या ओवण्याच्या अर्ध्या मिनिटात एखादं वाक्य निघे. नजर कापडावर असल्यामुळे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं, गप्प बसलं तरी चालत होतं. मला वाटतं खरी किल्ली तीच. समोरासमोर बसून "सांगा" म्हटलं की माणूस आवळतो, शेजारी बसून हात चालू असले की सैल होतो. पुरुष मंडळींना वाकळीचं काम रुचेना म्हणून त्यांच्यातल्या तात्यांनी आपणहून खडूनं फरशीवर गावाचा नकाशा काढायला घेतला, 1972 सालचा. बंडिंगचं, म्हणजे शेतांना बांध घालायचं काम कुठं, खडीचा ढीग कुठं, कुठली विहीर कधी आटली. पोरं त्यांच्याभोवती उकिडवी बसून आजचं गाव त्यावर दुसऱ्या रंगाच्या खडूनं काढत होती. पाझर तलाव दोन्ही रंगांत आला. एक पोरगा म्हणाला, "हा तर आमचा पोहायचा तलाव." तात्या म्हणाले, "त्यातली चार पाट्या माती माझी हाय."

त्याच रविवारी आक्कांनी सांगितलं की त्या दुष्काळात त्या तेरा वर्षांच्या होत्या. म्हणजे बरोबर या सातवीच्या पोरींएवढ्या. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव लागावं म्हणून आईनं त्यांचं वय वाढवून सांगितलं होतं. दगड फोडायचे, खडीचा ढीग लावायचा, मापं घेतली की पैसे. मजुरी किती होती यावर बायकांत वाद झाला. एक म्हणे दोन रुपये, दुसरी म्हणे तीन, तिसरी म्हणे पैसे मुकादमाच्या हातातच जास्त दिसायचे. मी मध्ये पडले नाही. आम्ही वहीत तिन्ही आकडे लिहिले. सुकडीवर मात्र सगळ्यांचं एकमत. कामावर सुकडी, म्हणजे खायला पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची ती फडक्यात बांधून घरी लहान भावंडांना न्यायची. आणि रेशनवरची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना कशी फुटायची हे आक्कांनी रिकाम्या हातांनी करून दाखवलं, तळवा गोल फिरवत, कडा पुन्हा पुन्हा जुळवत. पोरं त्या रिकाम्या हाताकडे टक लावून बघत होती.

सुट्टीत मी थोडं वाचून पुढच्या वेळी पोरांना सांगितलं. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम हा प्रयोग 1969 च्या सुमारास सुरू केला होता, त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. 50 लाख ऐकून पोरांना काही वाटलं नाही. पण एक पोरगी आक्कांकडे बघून म्हणाली, "त्यात आक्का एक."

जे मोडलं तेही लिहायला हवं. 22 डिसेंबरला एका आजींनी घरात धान्य नव्हतं तेव्हा त्यांच्या सासूनं काय केलं ते सांगितलं. मदतीला आलेल्या एका मुलानं ते मोबाइलवर घेतलं आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावलं. रात्री आजींचा मुलगा दारात. "आमच्या घरची उपासमार गावाला दाखवायला नेलंय का आईला?" स्टेटस काढलं, मी घरी जाऊन माफी मागितली. आजी पुढचा रविवार आल्या नाहीत. त्यानंतर नियम केला: समाजमंदिरात शिरताना सगळे फोन, माझासुद्धा, एका टोपलीत. लिहून घेतलेलं त्या माणसाला वाचून दाखवायचं, ते "ऱ्हाऊ दे" म्हणाले तरच ठेवायचं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. संमतीपत्रं मी फक्त मुलांच्या पालकांकडून घेतली होती. म्हाताऱ्या माणसांनाही संमती विचारायची असते हे माझ्या मनातच आलं नाही.

29 डिसेंबरचा रविवार मला अजून आठवतो. वस्तीवरच्या चार आजी जीपनं यायच्या, जाऊन-येऊन 200 रुपये, आणि तो खर्च टाळला असता तर त्या आल्याच नसत्या. त्यातल्या एकींनी कामावरच्या पाण्याच्या पिंपाची गोष्ट काढली. शिवता शिवता, आवाज न चढवता. "समद्यांनी एकाच ढिगावर खडी फोडायची. पर पाणी प्यायचं म्हणलं की आमी वंजळ धरायची आन् वरनं वतायचे. पिंपाला हात लावायचा न्हाय."

सुया थांबल्या. मग पलीकडच्या बाजूनं, गावठाणातल्या एक आजी म्हणाल्या, "खरं हाय. मीच वतायचे."

एका पोरानं विचारलं, "का पण?" कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. मला काहीतरी बोलून ते गुळगुळीत करावंसं वाटत होतं, ते मी केलं नाही, आणि आज विचार करते तेव्हा तेवढं बरोबर केलं असं वाटतं. बराच वेळ नुसता सुईचा कापडातून जाण्याचा आवाज. मग वस्तीवरच्या आजींचा दोरा संपला, त्यांनी सुई पुढे केली, त्या पोरानं ओवून दिली.

रात्री दोन फोन आले. जुनी मढी कशाला उकरता, पोरांच्या कानावर हे कशाला. मी म्हटलं, ते मी सांगितलं नाही, ज्यांनी सोसलं आणि ज्यांनी केलं त्या दोघींनी सांगितलं. एका घरानं आपली मुलगी पुढचे रविवार पाठवली नाही. ती मुलगी मला नळावर भेटली की विचारायची, "वाकळ कुठवर आली?"

5 जानेवारीला वेगळंच झालं. उपासमारीची गोष्ट सांगणाऱ्या आजी परत आल्या. बसता बसता त्यांनी शेजारच्या पोराला विचारलं, "आमचंच किती ऐकताय? तू सांग की कायतरी." तो पोरगा एरवी अक्षर बोलत नाही. म्हणाला, "मी छावणीत होतो." 2019 चा उन्हाळा. त्याचे आजोबा जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेले, हा आठ वर्षांचा, त्यांच्यासोबत. ताडपत्रीखाली झोपायचं, उसाचं वाढं घालायचं, पाण्याच्या टँकरचा भोंगा ऐकला की बादल्या घेऊन पळायचं. त्यांच्या गाईचं नाव त्यानं सांगितलं आणि ती त्या वर्षी कशी विकावी लागली तेही. सगळ्या म्हाताऱ्या हातातलं काम ठेवून ऐकत होत्या. मग प्रश्नांचा पाऊस. चारा किती मिळायचा? दाखला कोण करायचं? जनावरांना नंबर असतो का? दुष्काळाची माहितगार माणसं होती ती, त्यांना नेमकं काय विचारायचं ते कळत होतं. पोरगा ताठ बसून उत्तरं देत होता. मी त्याला शाळेत कधी असं बसलेला पाहिला नव्हता.

इतके दिवस मी समजत होते की देणारे एका बाजूला आणि घेणारे दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी पोरांकडेही सांगण्यासारखं आहे, आणि ते विचारणारं त्यांना कुणी भेटलेलं नाही, हे डोळ्यांनी पाहिलं.

काही बारीकसारीक, ज्यावाचून अडतं. वेळ दुपारी दोन ते चार. त्याआधी बायका खुरपणीला असतात, त्यानंतर शेळ्या-गाईंकडे जायचं असतं. एका आजी शेळी घेऊनच यायच्या, ती बाहेर लिंबाला बांधायची सोय ठेवली. सगळ्यांना खाली बसता येत नाही, चार खुर्च्या हव्यातच, आणि खुर्चीवरच्यांना शिवायला कापडाची कड मांडीवर घेता येते. ज्या कानानं ऐकू येतं त्या बाजूला मूल बसवायचं. समाजमंदिराला संडास नाही. पहिल्या दिवशी दोन बायका मधूनच निघून गेल्या त्या त्याच कारणानं, लाजेनं सांगितलं नाही. पुढे शेजारच्या घराशी बोलून ठेवलं. चहा-बिस्किटांना रविवारी साधारण 350 रुपये. झेरॉक्सला 180, खडू, रंग आणि कागदाला 310. जीप धरून सगळा खर्च 4,850 झाला, त्यातले 2,000 वाचनालयानं दिले. फ्लेक्स छापला नाही, उद्घाटन केलं नाही, पाहुणे बोलावले नाहीत. पाहुणे आले असते तर खुर्च्या त्यांना द्याव्या लागल्या असत्या.

ओव्यांचंही सांगते. शेवटच्या दोन रविवारी आक्का आपोआप गुणगुणायला लागल्या, जात्यावरच्या ओव्या. पोरींना त्या नवीन होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या आता 'परी' या संकेतस्थळावर ऐकता येतात. तेवढ्यापुरता टोपलीतला माझा फोन काढून मी दोन ऐकवल्या. आक्का म्हणाल्या, "ही चाल आमची न्हवं, घाटाकडची हाय," आणि मग आमच्याकडची चाल कशी ते गाऊन दाखवलं. जातं गावात कुणाच्या घरी चालू नाही, पण हात फिरत होता.

12 जानेवारीला सहावा रविवार झाला. वाकळ पुरी व्हायची होती म्हणून 19 तारीखही घेतली. 26 जानेवारी रविवारीच आली होती. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात दोरीवर वाकळ टाकली आणि पोरांनी वहीतली पानं वाचली. रोजगार हमीचा कायदा लागू झाला तो दिवसही 26 जानेवारी, 1979 सालचा. ते मुख्याध्यापकांनी सांगितलं. पाण्याच्या पिंपाचं पान वाचायचं की नाही हे मी आदल्या दिवशी वस्तीवर जाऊन विचारलं होतं. आजी म्हणाल्या, "वाच. माजं नाव घालून वाच." मग गावठाणातल्या आजींकडे गेले. त्या खूप वेळ दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "माजं नाव नगं. पर वाच." तसंच वाचलं. पटांगणात काही माणसं उठून गेली, बरीच बसली होती.

वाकळ आता वाचनालयात आहे. लुगड्याचा एक जांभळा पट्टा काठाशी आलाय, तो सासूबाईंचा. तिथले टाके सगळ्यांत वाकडे आहेत, ते मी घातलेले.

2 फेब्रुवारीला कार्यक्रम असा काही नव्हता. दुपारी मी घरी ज्वारी निवडत होते, तर सातवीतली दोघं धावत आली. समाजमंदिराला कुलूप आहे, बाहेर सात आजी बसल्यात, किल्ली मागतायत. त्यांच्यात ती नळावरची मुलगीही आहे, आईसोबत. मी सूप बाजूला ठेवलं, किल्ली शोधली आणि निघाले.